सूत्रांच्या कागदाबाहेरचे घन

नागपूरहून अमरावतीच्या रस्त्याने निघाले, की ट्रक आणि गोदामे यांच्या गर्दीत वाडी लागते. मी तेथे राहतो. मागच्या हिवाळ्यात जवळच्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. जलशुद्धीकरण, ज्वालामुखी, ठिबक सिंचन असे नेहमीचे मानकरी होतेच. एका टेबलावर मात्र आठ मुले ओळीने बसून रुबिकचा घन सोडवत होती. मागे फलक : ‘गणित आणि बुद्धिविकास’. प्रत्येकापुढे एक झेरॉक्स केलेला कागद, आणि बाई हातात घड्याळ घेऊन उभ्या. सात जणांचे घन दोन-तीन मिनिटांत जुळले. आठवा मुलगा सातवीतला. तो तेच ते फेरे पुन्हापुन्हा करत होता. कपाळावर घाम, आणि डिसेंबरात नागपुरात घाम येण्याचे काही कारण नसते. बाई म्हणाल्या, “याची प्रॅक्टिस कमी पडते, सर.”

मी घन हातात घेतला. खालचे दोन थर बिनचूक जुळलेले होते. वरच्या थरात पिवळ्या रंगाचे अधिक चिन्ह व्हायला हवे होते. त्याच्या तीन भुजा पिवळ्या होत्या आणि चौथी नव्हती. कागदावर या पायरीसाठी तीन चित्रे होती. एकात फक्त मधला ठिपका, दुसऱ्यात काटकोन, तिसऱ्यात सरळ रेघ. मुलाच्या हातात चौथेच चित्र होते. मी विचारले, “हा पडला होता का?” मान खाली घालून तो म्हणाला, “काल पडला. तुकडे निघाले होते. मीच बसवले.”

बसवताना कडेचा एक तुकडा उलटा बसला होता. असा घन कितीही फेरे केले तरी जुळत नाही. मुलाची प्रॅक्टिस कमी पडत नव्हती. तो अशक्य गोष्ट करून दाखवण्याचा प्रयत्न करत होता, आणि हे त्याला सांगू शकेल असे त्या कागदावर काही नव्हते.

या लेखात मला जे परीक्षण करायचे आहे ते या कागदाचे. दुकानातल्या घनाबरोबर तो घडी घालून मिळतो, सुटीतल्या वर्गांत वाटला जातो आणि आता शाळांतही पोचला आहे. तो चुकीचा नाही. त्यातली प्रत्येक ओळ बरोबर आहे आणि तिच्याप्रमाणे वागले की घन जुळतो. माझी तक्रार वेगळी आहे. हा कागद तीन चित्रे दाखवतो आणि चौथे का नाही, हे विचारत नाही. त्या टेबलावर गणित कोठे असलेच तर ते या प्रश्नात होते.

उत्तर शाळेच्या आवाक्यातले आहे. घनात कडेचे तुकडे १२. प्रत्येक तुकडा आपल्या जागी सुलटा बसतो किंवा उलटा. योग्य खुणा ठरवून घेतल्या, तर उजवी, डावी, वरची किंवा खालची बाजू पाव फेरा फिरवल्याने एकही तुकडा उलटत नाही. पुढची किंवा मागची बाजू फिरवली तर चार तुकड्यांची स्थिती बदलते. म्हणून उलट्या तुकड्यांची एकूण संख्या दरवेळी समच राहते. ० असेल, २ असेल, ४ असेल. १ किंवा ३ कधीच नाही. बुद्धिबळातला उंट पांढऱ्या घरातून निघाला, की जन्मभर पांढऱ्याच घरांत राहतो, तसेच हे आहे. मग अधिक चिन्हाच्या तीन भुजा पिवळ्या आणि एक नाही हे चित्र कागदावर येणार कोठून?

कोपऱ्यांनाही असाच नियम आहे. तेथे प्रत्येक तुकडा तीन प्रकारे बसतो आणि सगळ्यांच्या पिळांची बेरीज ३ च्या पटीतच राहते. तिसरा नियम अदलाबदलीचा : बाकी सारे जागच्या जागी ठेवून फक्त दोन तुकड्यांची अदलाबदल करता येत नाही. २, ३ आणि २ यांचा गुणाकार १२. घन खिळखिळा करून डोळे मिटून पुन्हा बसवला, तर तो जुळण्याजोगा असण्याची शक्यता बारात एक. त्या मुलाचे नशीब वाईट नव्हते, ते अगदी सर्वसाधारण होते.

येथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण कागद नेहमीच असा मुका नव्हता. बुडापेस्टच्या एका कला महाविद्यालयात शिकवणाऱ्या एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये हा घन बनवला, फिरवला, आणि तो पुन्हा जुळवायला त्यांना स्वतःला महिन्याभराचा काळ लागला. जगातला पहिला सोडवणारा माणूस कागदाशिवाय बसला होता. पुढे डेव्हिड सिंगमास्टर या लंडनमध्ये शिकवणाऱ्या गणितज्ञाने १९८० च्या सुमारास घनावर पुस्तिका लिहिली आणि फेरे लिहिण्याची अक्षरी पद्धत रूढ केली. आजच्या कागदावरची अक्षरे त्याचीच. पण त्याने ती चालींमागचे गणित मांडता यावे म्हणून योजली होती. आपण अक्षरे ठेवली आणि गणित गाळले. पाककृतीतले जिन्नस वगळून ‘ढवळा, झाका, उतरवा’ एवढेच उतरवून घेतल्यासारखे हे झाले.

आता माझ्या छंदाकडे येतो. गेली काही वर्षे मी विचित्र घन जमवतो आणि सोडवतो. घरच्या मंडळींच्या मते कपाटाचा हा कप्पा कपड्यांसाठी अधिक उपयोगी पडला असता. ते असो. या घनांबद्दल फार कौतुकाने बोलले जाते, पण शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर सगळ्यांची योग्यता सारखी नाही.

मिरर क्यूब हा सगळा एकाच रंगाचा. थरांची जाडी मात्र वेगवेगळी, त्यामुळे फिरवला की तो वेडावाकडा होतो. हिदेतोशी ताकेजी या जपानी रचनाकाराचा हा २००६ चा घन. दिसायला भयंकर, पण आतून नेहमीचाच. तीच यंत्रणा, तेच फेरे. कागद पाठ असलेला मुलगा येथे अडतो, कारण कागद म्हणतो ‘पिवळा’ आणि येथे पिवळा नाहीच. रंगाच्या जागी जाडी धरली की काम झाले, हे ज्याला सुचते त्याला रचना आणि तिचा पोशाख यांतला फरक समजला. वर्गात एकदा दाखवण्यासाठी हा फार चांगला आहे. मात्र याच जातीचे आणखी डझनभर प्रकार बाजारात आहेत, तिरके कापलेले, पिळलेले. त्यांतल्या बहुतेकांत तुकडा ओळखणे अवघड होते, विचार नवा करावा लागत नाही. पैसे खर्चून हे शिकलो, म्हणून ठामपणे सांगतो.

स्क्यूब वेगळा. टोनी ड्युरॅम या ब्रिटिश पत्रकाराची ही कल्पना. तो बाजूंभोवती फिरत नाही, कोपऱ्यांभोवती फिरतो, आणि प्रत्येक चालीत निम्मे कोडे हलते. नेहमीच्या घनाचे एकही सूत्र येथे चालत नाही. पहिल्या दिवशी रात्री उशिरापर्यंत मी त्याच्याशी झगडलो आणि हाती काही लागले नाही. दुसऱ्या दिवशी फिरवणे थांबवून वही घेतली : एक चाल करायची, दुसरी करायची, पहिली उलटवायची, दुसरी उलटवायची, आणि नेमके काय हलले ते लिहायचे. चालींचा क्रम बदलल्याने फरक पडत नसता, तर या चार चालींनंतर सारे मूळपदावर आले असते. जे मूळपदावर येत नाही, तेच आपले हत्यार. ‘बेरीज क्रमनिरपेक्ष असते’ हे आपण मुलांना पाचवी-सहावीपासून शिकवतो. क्रमसापेक्ष असे काही त्यांच्या हाती देतच नाही. मग त्या शब्दाला अर्थ कसा येणार?

हाच प्रयोग पिरॅमिंक्सवर, म्हणजे चार शिरोबिंदूंच्या पिरॅमिडवर, करून पाहा. त्याचे कोणतेही दोन शिरोबिंदू निवडा आणि वरच्या चार चालींचा संच करा; फक्त टोक न फिरवता त्याखालचा थरही बरोबर फिरवा. हा संच तीनदा केला, की पिरॅमिड जसाच्या तसा. नेहमीच्या घनावर उजवी आणि वरची अशा लगतच्या बाजू घेऊन तोच संच केला तर सहा वेळा करावा लागतो. हा फरक का? पिरॅमिंक्सच्या दोन थरांत सामायिक तुकडा एकच, कडेचा. घनाच्या दोन लगतच्या बाजूंत सामायिक तुकडे तीन : एक कडेचा, दोन कोपऱ्यांचे. येथून पुढचे मुलांनी शोधावे. तासभर सहज जातो, आणि तो तास वाया जात नाही.

पिरॅमिंक्सचे नाव आपल्याकडे वर्तमानपत्रांत गाजले ते मात्र दुसऱ्या कारणाने. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईच्या चिन्मय प्रभू याने पाण्याखाली श्वास रोखून ९ पिरॅमिंक्स १ मिनिट ४८ सेकंदांत सोडवले. पराक्रम खराच, मला तेवढा वेळ नुसता श्वाससुद्धा रोखता येणार नाही. ३×३×३ घनाचा अमेरिकेच्या मॅक्स पार्कचा २०२३ मधला ३.१३ सेकंदांचा विक्रमही असाच थक्क करणारा. अशा खेळाडूंनी वर्षानुवर्षे हात आणि डोळे घडवलेले असतात; धावपटूचा आदर करावा तसा त्यांचा करावा. घोटाळा होतो तो आपण शाळेत घड्याळ लावून त्याला ‘गणित’ म्हणतो तेव्हा. गंमत म्हणजे त्याच जागतिक संघटनेच्या स्पर्धांमध्ये एक प्रकार असाही आहे, की एक तास द्यायचा, कागद-पेन्सिल द्यायची, आणि कमीत कमी चालींत सोडवणूक लिहून काढायची. त्यात धांदल नाही, टाळ्याही फारशा नाहीत. शाळेच्या प्रदर्शनात मी तरी तो कोठे पाहिला नाही.

आक्षेप येईल, की हे महागडे घन खेड्यातल्या शाळेने आणायचे कोठून? आक्षेप रास्त आहे. माझे उत्तर : आणू नका. १×३×३ चा एक चपटा घन आहे, जपानच्या कात्सुहिको ओकामोतो यांचा फ्लॉपी क्यूब. तो आठ चिठ्ठ्यांत मावतो. टेबलावर एक चौरस कल्पा. चार कोपऱ्यांवर क, ख, ग, घ अशा चिठ्ठ्या ठेवा. चार बाजूंच्या मध्यावर आणखी चार, एकीकडे कोऱ्या आणि मागे फुली असलेल्या. सुरुवातीला सगळ्या कोऱ्या बाजूने. चाल एकच : कोणतीही बाजू निवडा, तिच्या दोन टोकांच्या अक्षरांची अदलाबदल करा आणि मधली चिठ्ठी उलटा. संपले.

अक्षरांच्या मांडण्या २४, चिठ्ठ्यांच्या १६, मिळून ३८४. पण सुरुवातीपासून चाली करत गेल्यास यांतल्या नेमक्या निम्म्या, १९२, गाठता येतात. कारण प्रत्येक चालीत एक अदलाबदल आणि एक उलटणे बरोबरच घडते; एक सम झाले की दुसरेही सम. अदलाबदली सम की विषम हे अंतिम मांडणीवरूनच ठरते, ती कोणत्या मार्गाने गाठली त्यावरून नाही, हे मात्र आधी तीन अक्षरांवर पटवून द्यावे लागेल. तो भाग सोपा नाही, घाई करू नये. त्यानंतर वर्गाला विचारा : अक्षरे जागच्या जागी आणि एकच फुली, असे करून दाखवता येईल का? मुले प्रयत्न करतील. कोणीतरी ‘होत नाही’ म्हणेल, आणि दुसरा कोणी म्हणेल, ‘तुला जमत नाही.’ या दोन वाक्यांतला फरक ज्या वर्गात भांडून ठरेल, त्या वर्गात वाडीतल्या त्या मुलावर आली तशी पाळी कोणावर येणार नाही. ज्यांना चिकाटी आहे त्यांनी १९२ मांडण्यांचा नकाशाच काढावा : सुरुवातीपासून १ चालीवर ४, २ चालींवर १०, असे करत सर्वांत दूरची मांडणी ८ चालींवर, आणि ती एकच. नेहमीच्या घनासाठी हाच आकडा २० आहे हे ठरवायला २०१० साल आणि संगणकांचा मोठा ताफा लागला. चिठ्ठ्यांचे काम एका मुलाच्या वहीत होते.

आपल्याकडे याला थोर पूर्वज आहे. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचा गुण शोधला तो वहीवर वजाबाक्या करत. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्यावर लिहिले. त्याच नियतकालिकात १९८१ मध्ये रुबिकच्या घनावर डग्लस हॉफस्टॅटर यांचा लेख आला. आणि कापरेकरांच्या संख्येचेही आपण काय केले? चार अंक घ्या, उतरत्या क्रमातून चढता वजा करा, बघा ६१७४ आले, टाळ्या. सात पायऱ्यांच्या आत ते का यावे, हा प्रश्न तेथेही गळालाच.

त्या दिवशी प्रदर्शनात मी मुलाच्या घनातला तो तुकडा नखाने उचकटून सुलटा बसवला. वीस सेकंदांत त्याने घन पुरा केला. पण तो आनंदला नाही, बघत राहिला. “म्हणजे तो होणारच नव्हता?” मी नाही म्हटले. “मग कागदात लिहिलं का नाही?” बाईंनी माझ्याकडे पाहिले. मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी त्याला संध्याकाळी घरी यायला सांगितले. चिठ्ठ्यांचा खेळ आम्ही तेव्हा खेळलो.

आठवड्याने तो पुन्हा आला. घन खिशातून काढून माझ्यापुढे धरला. जुळवलेला नव्हता. “मी मुद्दाम उघडून बसवला आहे, काका. बारांपैकी कोणता आहे ते सांगा. पण जुळवून पाहायचा नाही न, नुसतं बघून सांगायचं.” बघून सांगता येते, पण त्यासाठी वीस तुकडे एकेक करून मोजावे लागतात. मी वही काढली. तो शेजारी बसून माझी बेरीज तपासत होता.