कोलाज आणि विरोधलय

कोलाज ही निर्मिती की केवळ मांडणी, हा प्रश्न संगणकाच्या आगमनानंतर पुन्हा विचारला जाऊ लागला आहे, आणि तो अगदीच अनाठायी आहे असे म्हणता येत नाही. पिकासोने १९१२ साली वेताच्या विणीचे छापील मेणकापड चित्रफलकावर चिकटवून त्याभोवती दोराची चौकट बसविली, तेव्हा रंगविलेले आणि चिकटविलेले यांच्यातील सांधा प्रेक्षकाला उघड दिसत होता. कात्री आणि खळ यांनी केलेल्या कोलाजात हा सांधा बहुधा राहतोच. १९९४ साली फोटोशॉपमध्ये थरांची सोय आली आणि एका प्रतिमेवर दुसरी ठेवून त्यांच्या कडा हव्या तितक्या विरघळविणे शक्य झाले. भिन्न शैली एकत्र आणणे त्यामुळे सोपे झाले. त्यांचे भिन्नत्व टिकविणे मात्र अवघड झाले.

या अडचणीचे स्वरूप समजून घेण्यास मर्ढेकरांचा लयविचार उपयोगी पडतो. १९५६ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभलेल्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे त्यांनी मांडली. संगणकीय कोलाजाचा ओढा स्वभावतःच संवादाकडे असतो. एकच प्रकाश, एकच पोत, एकच रंगछटा सर्व तुकड्यांवर पसरविली की लघुचित्र, तैलचित्र आणि छायाचित्र निमूटपणे शेजारी नांदू लागतात. अशा ठिकाणी समतोल साधल्याचा भास होतो; पण जेथे विरोधच उरला नाही तेथे तोल सावरावयाचा कशाचा?

विवान सुंदरम यांची ‘री-टेक ऑफ अमृता’ ही २००१-०२ मधील चित्रमालिका या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. अमृता शेर-गिल ही सुंदरम यांची मावशी, आणि तिचे वडील उमरावसिंग हे हौशी परंतु विलक्षण छायाचित्रकार. आजोबांनी टिपलेली कुटुंबाची आणि स्वतःची छायाचित्रे व मावशीची चित्रे यांचे अंश सुंदरम यांनी संगणकावर एकत्र जुळविले. निरनिराळ्या वयांची अमृता येथे एकाच अवकाशात वावरते. छायाचित्र घेणारा पिता स्वतःच दृश्याचा भाग होतो. आणि जिने ब्रशाने आपले जग उभे केले, ती पित्याच्या भिंगातून पाहिली जाते. येथे सांधा कडेवर दिसत नाही, तो काळात दिसतो. जे कधीही एकत्र आले नसतील असे क्षण आपण एकत्र पाहत आहोत, ही जाणीव डोळ्याला स्वस्थ बसू देत नाही. विरोधलय नाहीशी झालेली नाही. तिने स्थान बदलले आहे.

परंतु याच ठिकाणी मर्ढेकरांची चौकट अपुरी पडते, हेही नमूद केले पाहिजे. चित्राचे सौंदर्य रंगरेषांच्या संवेदनांमधील संबंधांत शोधावे, बाह्य वस्तूशी असलेल्या साम्यात नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. कोलाजातील तुकडा मात्र आपला पूर्वेतिहास बरोबर घेऊन येतो. ही आकृती बापाने टिपली आणि ही लेकीने रंगविली, हे ठाऊक नसेल तर सुंदरम यांच्या चित्रांतील ताण निम्मा ओसरतो. तुकड्याचे मूळ हा येथे कलाबाह्य तपशील उरत नाही. तो माध्यमाचाच घटक होतो.

आणि म्हणूनच येथे एक नैतिक प्रश्नही उभा राहतो. छायाचित्राला आपण साक्षीदार मानतो; मृतांना नव्या नात्यांत उभे करणारा कलावंत त्या साक्षीत फेरफार करतो. या स्वातंत्र्याचे समर्थन एकच असू शकते: फेरफार हा फेरफार म्हणून प्रेक्षकाच्या ध्यानी यावा. सांधा बेमालूम लपविणारे कोलाज फार तर कुतूहल जागवते. सांध्याला अर्थ देणारे कोलाज इतिहासाकडे पुन्हा पाहावयास लावते.

मर्ढेकरांच्या सिद्धान्ताने जे नाकारले ते त्यांच्या कवितेने फार पूर्वीच मान्य केले होते, असे मला वाटते. १९४७ च्या ‘काही कविता’ या संग्रहात अभंग-ओवीच्या वळणात यंत्रयुगाचे शब्द येऊन बसले, आणि संतवाणीचे स्मरण असलेल्या वाचकालाच त्यांतील घर्षण पुरतेपणी जाणवले. तेथेही शब्दांचे मूळ हा कवितेच्या आशयाचाच भाग होता. साधन कात्रीचे असो, संगणकाचे असो वा छंदाचे, भिन्न शैलींना एकत्र आणणाऱ्याने त्यांच्या भांडणाची दखल घेतली की नाही, हीच समीक्षकाने लावावयाची कसोटी होय.