चूळपंथक आणि अध्ययनाच्या उपपत्ती

पाश्चात्त्य मानसशास्त्राने जे शोधले ते भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते, असे विधान आपल्या व्याख्यानमालांतून वारंवार ऐकू येते. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिग येथे प्रयोगशाळा काढली, त्यांचे शिष्य टिचनर यांनी मनाचे घटक मोजले. आणि अभिधम्मात तर ५२ चेतसिके आधीपासूनच आहेत, अशी ही मांडणी असते. तिच्यामागचा अभिमान आम्हांस समजतो, पण तुलना टिकत नाही. टिचनर यांनी १८९६ च्या ग्रंथात ४४ हजारांहून अधिक मूलसंवेदनांची मोजदाद केली. त्यांतील कोणती जोपासावी व कोणती सोडावी, हा प्रश्न त्यांच्या शास्त्राचा नव्हता. चेतसिकांची गणना मात्र कुशल-अकुशल या भेदावाचून पुरी होत नाही. रचनावादाशी अभिधम्माची सोयरीक जुळविणारांनी एवढे तरी पाहावयास हवे होते.

अध्ययनाच्या उपपत्तींचा प्रश्न याहून निकडीचा आहे, कारण त्या अध्यापक विद्यालयांच्या क्रमिक पुस्तकांतून थेट आपल्या मुलांच्या वर्गात येतात. थॉर्नडाइक यांनी १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवरून प्रयत्न-प्रमादाची उपपत्ती मांडली. पुढे सज्जता, सराव व परिणाम हे त्यांचे तीन नियम प्रत्येक भावी शिक्षकाने पाठ केले. वॉटसन यांनी फेब्रुवारी १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वर्तनवादाचा उद्घोष केला. (त्याच वर्षी बाबासाहेब त्या विद्यापीठात दाखल झाले, परंतु त्यांनी ज्यांचे ऋण मानले ते जॉन ड्यूई, ज्यांनी १८९६ सालीच चेतक आणि प्रतिक्रिया यांची अशी फारकत करण्यावर टीका केली होती.) कोहलर यांनी १९१७ साली चिंपांझींच्या प्रयोगांवरून मर्मदृष्टीचा पक्ष मांडला.

या सर्व उपपत्तींपुढे आम्ही चूळपंथकाची कथा ठेवू इच्छितो. धम्मपदाच्या अट्ठकथेनुसार वडील बंधू महापंथक याने त्याला एक गाथा पाठ करावयास दिली. चार महिने गेले. पुढचा शब्द बसे तो मागचा निसटे. अखेर भावाने त्याला विहार सोडण्यास सांगितले. सरावाच्या नियमाने पाहिले तर चार महिन्यांचा सराव वाया गेला होता, आणि सज्जतेच्या नियमाने पाहिले तर हा विद्यार्थी अपात्रच होता. बुद्धांनी गाथा बाजूस सारली. एक स्वच्छ वस्त्र हाती देऊन ते चोळीत बसण्यास सांगितले. वस्त्र मळले, आणि त्या मळण्यातून त्याला अनित्यता उमगली. कोहलरचे अनुयायी येथे मर्मदृष्टी पाहतील, आणि ते अगदीच चुकीचे नव्हे. पण मर्मदृष्टी येण्यापूर्वी काय बदलले? विद्यार्थी तोच होता. बदलली ती शिकविण्याची रीत. स्वतः थॉर्नडाइक यांनीही १९३० च्या सुमारास कबूल केले की, केवळ पुनरावृत्तीने शिकणे पक्के होत नाही. आमच्या क्रमिक पुस्तकांत ही कबुली क्वचितच आढळते.

आता अट्ठकथेचा दुसरा भाग. चूळपंथक मंद का, तर पूर्वजन्मी त्याने एका मंद भिक्षूची टर उडविली होती म्हणून, असे ती सांगते. थेरगाथेत चूळपंथकाच्या नावावरील गाथा वाचाव्यात. माझी गती मंद होती, लोक मला तुच्छ लेखीत, भावाने मला घालवून दिले, असे तो तेथे सांगतो. दाराशी खिन्न उभा असता भगवंत आले, डोक्यावरून हात फिरविला, हाताला धरून आत नेले. पूर्वजन्माचा तेथे उल्लेखही नाही. मागील जन्माच्या कर्मावर या जन्मीची अवस्था बेतणाऱ्या विचाराला बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नकार दिला, तो आठवूनच हे दोन थर वेगळे वाचले पाहिजेत. गंमत अशी की, आधुनिक शास्त्रही याच वळणावर घसरले. बिने यांनी १९०५ ची बुद्धिमापनाची श्रेणी अधिक मदतीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी केली, आणि बुद्धी वाढतच नाही या मताला १९०९ साली स्पष्ट विरोध केला. अमेरिकेत मात्र तीच श्रेणी वंशाची प्रत मोजण्यास वापरली गेली. व्ही. व्ही. कामत यांनी ती कानडी व मराठी मुलांसाठी सिद्ध केली. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली निघाला. पूर्वजन्म म्हणा की अनुवंश म्हणा, अपयशाचे कारण मुलाच्या जन्मात ठेवले की शिकविणारा मोकळा होतो.

धाराशिव जिल्ह्यात हा निव्वळ ग्रंथांतला वाद नव्हे. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतील कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस निघतात. जी मुले बरोबर जातात, ती चार-पाच महिन्यांनी गावी परततात. तोवर वर्ग कितीतरी पुढे गेलेला असतो, आणि फळीवरचे वाचता न येणाऱ्या मुलावर 'कच्चा' हा शिक्का बसतो. 'सज्जता नाही' हे त्याचेच शास्त्रीय रूप. ज्या मुलाने फडात मोळ्या मोजल्या, कोपीत धाकट्या भावंडास सांभाळले, त्याला कोणत्या रीतीने शिकवून पाहिले, याची नोंद कोठेच नसते. मुलांना गावीच ठेवणारी हंगामी वसतिगृहे निघाली, हे योग्यच झाले. परतलेल्या मुलाच्या हाती दुसऱ्या दिवशी काय द्यावे, हे मात्र त्यांनी सुटत नाही.

अट्ठकथेतील एक प्रसंग आमच्या प्रवचनांत सहसा गाळला जातो. जीवकाच्या घरी भोजनाचे निमंत्रण होते. भिक्षूंची गणती करण्याचे काम महापंथकाकडे होते, आणि त्याने धाकट्या भावास यादीतून वगळले. जीवक वाढू लागला तेव्हा बुद्धांनी पात्रावर हात ठेवला आणि विचारले, विहारात अजून भिक्षू आहेत ना? महापंथक म्हणाला, नाहीत. बुद्ध म्हणाले, आहेत. जीवकाने माणूस पाठवून पाहावयास सांगितले.