खेळाडूची विवक्षा आणि कथेची संगती

रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमविषयी लिहिताना खेळाडूचे स्वातंत्र्य आणि कथेची संगती ही एकाच तराजूची दोन पारडी मानण्याचा प्रघात आहे. भाषेच्या अभ्यासकाला हे गृहीतक तपासणे भाग आहे. कारण या खेळांतील निवड ही पुष्कळदा वाक्यांचीच निवड असते.

१९९९ साली ब्लॅक आइल स्टुडिओजने सिद्ध केलेला ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ हा खेळ या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याचा अनाम नायक अमर आहे, परंतु पूर्वायुष्यांची स्मृती गमावून बसलेला आहे. (विस्मरणाची ही युक्ती कादंबरीकारांनी पुरती झिजवली आहे, हे मान्य; येथे मात्र ती सार्थ ठरते.) या खेळातील संवादांत काही ठिकाणी तेच वाक्य दोनदा येते: एकदा ‘सत्य’ या निर्देशासह, एकदा ‘असत्य’ या. उच्चार एक, विवक्षा भिन्न. ऐकणाऱ्या पात्राला हा भेद कळेलच असे नाही. म्हणून कथानकाला नवा फाटा फुटण्याचे कारण उरत नाही. बोलणारा मात्र निराळा होतो, आणि त्याच्या नैतिक वृत्तीत खेळ त्याची नोंद घेतो. स्वातंत्र्य वाढले, संगती ढळली नाही. तराजूची उपमा येथे लंगडी पडते.

बायोवेअरच्या ‘मास इफेक्ट’मध्ये खेळाडूस उत्तराचा त्रोटक गोषवारा दिसतो, पूर्ण वाक्य शेपर्ड उच्चारतो, आणि ते कधी अपेक्षेहून कठोर निघते. विवक्षा एकाची, वाणी दुसऱ्याची! २०१२ साली तिसऱ्या भागाच्या शेवटावर खेळाडू रुष्ट झाले आणि त्याच वर्षी विस्तारित शेवट द्यावा लागला. आधीच्या निवडी मोजक्या पर्यायांत विरून गेल्या, ही त्यांची तक्रार. माझ्या मते पर्यायांची मर्यादा हा दोष नव्हे. ‘टॉर्मेंट’चे मार्गही अखेर एकाच दुर्गाकडे जातात. परंतु तेथे नायकाचा पहिल्यापासूनचा प्रश्नच त्याच्यापुढे उभा ठाकतो. ‘मास इफेक्ट’मध्ये निर्णायक पर्याय सांगणारे पात्र अगदी शेवटीच अवतरते. आपल्या शास्त्रकारांनी वाक्यातील पदांना परस्पर आकांक्षा हवी असे म्हटले आहे. तो शेवट साकांक्ष नव्हता.

‘टॉर्मेंट’मधील बहुतेक संवाद केवळ लिखित आहेत, ही त्याची मोठीच सोय होती. वाक्य नटाच्या मुखातून येऊ लागले की काकूमुळे विवक्षा उघडी पडू लागते, आणि मग त्या एका वाक्याची दोन ध्वनिमुद्रणे करावी लागतात.