बाळकडूचा सिद्धान्त : वऱ्हाडातील राजकीय चरित्रांसंबंधी काही विचार

१

मराठी चरित्रग्रंथाचे पहिले प्रकरण बहुधा ठरलेले असते. आरंभी कुलवृत्तान्त, मग जन्मगावाचे वर्णन, त्यानंतर वडिलांचा करारीपणा व आईची धर्मशीलता, आणि शेवटी एक वाक्य येते : चरित्रनायकास देशभक्तीचे, अथवा समाजसेवेचे, बाळकडू घरीच मिळाले. पुढच्या प्रकरणापासून नायक सार्वजनिक जीवनात उतरतो आणि हे घर पुन्हा क्वचितच दृष्टीस पडते.

या वाक्याला आपण एक सांकेतिक अलंकार समजतो व पुढे जातो. परंतु त्यात एक सिद्धान्त दडलेला आहे. मनुष्याचे राजकीय मत त्याच्या कुटुंबातून व परिसरातून उत्पन्न होते, असे ते वाक्य सांगते. साहित्यविचारात तेन या फ्रेंच समीक्षकाने आपल्या इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात (१८६३-६४) वंश, परिस्थिती आणि काळ या त्रयीने लेखकाची उपपत्ती लावावयाचा प्रयत्न केला. आपल्या चरित्रकारांनी ती त्रयी न वाचताच स्वीकारलेली दिसते. प्रस्तुत लेखात अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांतील काही सार्वजनिक पुरुषांच्या आधारे हा सिद्धान्त तपासून पाहावयाचा आहे. घराचा व परिसराचा परिणाम होतो, याविषयी वाद नाही. तो नेमका कशावर होतो, हा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाकडे चरित्रकारांचे दुर्लक्ष झाल्याने चरित्रवाङ्मयाचीच नव्हे, तर राजकीय विचाराचीही हानी झाली आहे, असे मला वाटते.

२

परिसरापासून आरंभ करू. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, १९०२ मध्ये ते कायम पट्ट्याने त्यांच्याकडे राहिले आणि पुढील वर्षी मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले. येथील जमीनपद्धती मुंबई इलाख्याप्रमाणे रयतवारी होती. शेजारच्या नागपूर भागातील मालगुजारी येथे नव्हती. त्यामुळे सरकारात थेट सारा भरणारा खातेदार शेतकरी हा येथील समाजाचा कणा झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव चढले, रेल्वे आली, अमरावती व अकोला ही कापसाची मोठी पेठ बनली. आणि पेठेबरोबर सावकार, दलाल व वकील हे तीन वर्गही वाढले. कर्ज, गहाणखत आणि कोर्ट हे वऱ्हाडी शेतकऱ्याच्या आयुष्याचे नित्याचे प्रकरण झाले.

या परिसराने एकच एक राजकीय मत घडविले असते, तर ते प्रथम अमरावतीच्या वकीलवर्गात दिसावयास हवे होते. रंगनाथ नरसिंह मुधोळकर, गणेश श्रीकृष्ण खापर्डे आणि मोरोपंत जोशी हे तिघे एकाच नगरातील, एकाच व्यवसायातील, एकाच जातीतील आणि जवळजवळ एकाच पिढीतील गृहस्थ. डिसेंबर १८९७ मध्ये शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा खापर्डे स्वागताध्यक्ष होते. पण पुढे वाटा फुटल्या. मुधोळकर नेमस्त राहिले व १९१२ मध्ये बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मोरोपंत जोशी उदारमतवादी म्हणून १९२० नंतरच्या सुधारणांच्या काळात प्रांताच्या कार्यकारी मंडळात बसले. खापर्डे टिळकांचे झाले. टिळकांच्या १९०८ च्या शिक्षेविरुद्ध खटपट करण्यासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९१० पर्यंत तिकडेच राहिले. परिसर एक, जात एक, धंदा एक आणि मते तीन. बाळकडूच्या सिद्धान्ताने येथे गप्प बसावयास हवे.

३

आता घराकडे वळू. दादासाहेब खापर्डे (१८५४-१९३८) यांचे चरित्र त्यांचे पुत्र बाळकृष्ण गणेश खापर्डे यांनी लिहिले व ते १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. दादासाहेबांनी अनेक दशके नेमाने लिहिलेल्या दैनंदिन्यांमुळे या चरित्राला कागदोपत्री आधाराचे बळ आहे. पुत्र स्वतः प्रांतिक कायदेमंडळाच्या राजकारणात वावरलेले. म्हणजे वडिलांचे घर आणि वडिलांचे राजकारण या दोहोंचा अनुभव चरित्रकाराला आतून होता. ही या ग्रंथाची मोठी शक्ती आहे, आणि मर्यादाही तीच. ज्या घराने आपणांस घडविले ते घर पुत्राला वातावरणासारखे सर्वत्र जाणवते, म्हणूनच ते तपासण्याची वस्तू होत नाही.

त्या घराने दादासाहेबांना काय दिले? त्यांचे वडील सामान्य स्थितीतून वर येऊन मामलेदारपदापर्यंत पोचले होते. दादासाहेबांनीही काही वर्षे सरकारी नोकरी केली व १८९० मध्ये अमरावतीस वकिली आरंभिली. घरचा संस्कार पाहावा तर तो सरकारी नोकरीचा व राजनिष्ठेचा असावयास हवा. त्यातून टिळकांचा जहाल सहकारी निघाला. मग घर निष्फळ ठरले काय? तसे म्हणता येत नाही. संस्कृत विद्येची आवड, अतिथींनी भरलेला वाडा, शब्दाला जागण्याची रीत आणि मोठ्या पुरुषावर निष्ठा ठेवण्याची सवय, या गोष्टी या प्रकारच्या घरातून आलेल्या आहेत. टिळकांशी त्यांचे नाते सिद्धान्तापेक्षा स्नेहाचे होते. म्हणूनच १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक निवर्तल्यावर गांधींच्या असहकाराशी त्यांचे जमले नाही. काँग्रेसने बहिष्कार घातलेल्या कायदेमंडळांपैकी वरिष्ठ सभागृहात ते जाऊन बसले. मत बदलले असे म्हणण्यापेक्षा, ज्या माणसापुढे त्या मताचा हिशेब द्यावयाचा तो माणूस राहिला नाही, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

येथे मला या लेखाचे मुख्य प्रतिपादन सापडते. घर मनुष्याला मत देत नाही. आपण कोणाला उत्तरदायी आहोत याची एक पहिली यादी देते. आई-वडील, कुळ, जात, गुरू, गाव, आश्रित ही त्या यादीतील नावे. परिसर या यादीत नवी नावे घालतो व काही जुनी पुसतो. राजकीय मत बनते ते या दोन याद्यांचा मेळ बसत नाही अशा वेळी. आणि तेव्हा मनुष्य जे ठरवितो, त्याला निर्णय हेच नाव योग्य आहे.

४

या दृष्टीने डॉ. पंजाबराव देशमुख यांचे उदाहरण फार उद्बोधक आहे. त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे शेतकरी कुळात झाला. शिक्षण अमरावती, पुणे व पुढे एडिंबरा आणि ऑक्सफर्ड. ऑक्सफर्डला त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास. पुढे १९३३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ज्या घरात नांगर होता आणि वेदपठणाचा अधिकार नव्हता, त्या घरातील मुलाने हा विषय निवडावा, यातच एक राजकीय विधान आहे. सत्यशोधक चळवळीचे वारे त्या काळी वऱ्हाडात वाहत होते, हे खरे. पण त्या वाऱ्यात वाढलेला प्रत्येक तरुण वेदाकडे वळला नाही.

परदेशातून परतल्यावर त्यांची खरी कसोटी लागली. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ सुरू झाली व तिच्यात पंजाबराव पुढे होते. त्या प्रश्नावर १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीस डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. अंबादेवी हे वऱ्हाडातील अनेक घराण्यांचे श्रद्धास्थान. ब्राह्मणेतर पुढाऱ्याने ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्ध बोलावे, ही गोष्ट त्याच्या कुळाला व जातीला रुचणारी होती; तेथे घर आणि परिसर एकाच दिशेला ओढत होते. परंतु अस्पृश्यांसाठी देऊळ खुले करा असे म्हणताच तो आपल्याच खातेदार शेतकरी समाजाच्या मानापमानाला हात घालीत होता. तेथे यादी बदलली. त्याच महिन्यात त्यांनी जातीबाहेर विवाह केला. आणि त्याच सुमारास स्थापन झालेल्या श्रद्धानंद छात्रालयात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू लागली. छात्रालय म्हणजे काय, तर मुलाची उत्तरदायित्वाची यादी बुद्धिपुरस्सर बदलण्याची संस्था. घराचे सामर्थ्य पंजाबरावांनी चांगले ओळखले होते, म्हणूनच त्यांनी दुसरे घर बांधले. शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांचा विस्तार हा त्याच जाणिवेचा पुढील भाग होय.

पाश्चात्त्य संशोधनाचा निष्कर्षही याच्याशी जुळतो. न्यूकम यांनी अमेरिकेतील बेनिंग्टन महाविद्यालयातील विद्यार्थिनींचा अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. सनातनी, सधन घरांतील अनेक मुली तेथे प्रागतिक मताच्या झाल्या. आणि सुमारे पाव शतकानंतर पुन्हा पाहणी केली तेव्हा, ज्यांना पुढील आयुष्यातही त्या मताची सोबत मिळाली त्यांच्या ठिकाणी ते टिकलेले आढळले. जेनिंग्ज व नीमी यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की, आई-वडिलांकडून मुलांकडे पक्षनिष्ठा बऱ्यापैकी उतरते, परंतु प्रत्यक्ष प्रश्नांवरील मते त्या मानाने फारच क्षीणपणे उतरतात. म्हणजे वारसा मिळतो तो गोटाचा; विचार ज्याचा त्याने करावयाचा असतो.

५

बाळकडूचा सिद्धान्त चरित्रात निरुपद्रवी दिसतो. वादात तो शस्त्र होतो. प्रतिपक्षाचे मत त्याच्या जातीतून व घरातून आले असे एकदा म्हटले, की त्या मताला उत्तर देण्याची जबाबदारी संपते. वऱ्हाडाच्या राजकारणात हे वारंवार घडले आहे.

ब्रिजलाल बियाणी हे अकोल्याचे. मारवाडी व्यापारी समाजात जन्मलेले हे गृहस्थ विदर्भ काँग्रेसचे नेते होते आणि १९५० नंतरच्या काळात मध्यप्रदेशाचे अर्थमंत्रीही झाले. ते महाविदर्भाचे आग्रही पुरस्कर्ते होते. घरची भाषा मराठी नाही आणि धंदा व्यापाराचा, म्हणून त्यांना मराठी राज्य नको, ही उपपत्ती मांडणे सोपे होते. पण विदर्भाच्या वेगळेपणाचा तितकाच ठाम पुरस्कार लोकनायक बापूजी अणे यांनी केला. आणि अणे तर वणीचे मराठी ब्राह्मण व टिळकांचे अनुयायी. १९५५ मध्ये फाजलअली आयोगानेही स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. आयोगाला वऱ्हाडात घर नव्हते. दोन भिन्न घरांतून एकच मत निघते तेव्हा कारण घरात न शोधता युक्तिवादात शोधावे लागते. महाविदर्भाचा युक्तिवाद बरोबर होता की चूक, हा स्वतंत्र प्रश्न आहे. परंतु त्याचे खंडन बियाणींच्या मातृभाषेने होत नाही.

याच्या उलट उदाहरण गणेश आकाजी गवई यांचे. अमरावती जिल्ह्यातील या महार पुढाऱ्याने अस्पृश्योद्धारासाठी दीर्घकाळ कार्य केले. परंतु १९३२ मध्ये ते राजा-मुंजे कराराच्या, म्हणजे संयुक्त मतदारसंघाच्या, बाजूने उभे राहिले, तर त्यांच्याच जातीतील बहुसंख्य समाज आंबेडकरांच्या मागे गेला. जात एक, दुःख एक, जिल्हा एक. मतभेद मात्र मूलभूत. गवईंना चुकलेले म्हणावयाचे तर म्हणावे, पण त्यासाठी त्यांचा विचार वाचावा लागेल. त्यांना केवळ अपवाद म्हणून टिपेत ढकलणे ही संशोधनातील पळवाट होय.

६

शेवटी एका अशा पुरुषाचा उल्लेख करतो, ज्यांना राजकीय म्हणावे की नाही याविषयी मतभेद होईल. गाडगे महाराजांचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील दारूपायी गेले. बालपण अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामाकडे शेतीत गेले. तेथे सावकाराच्या कर्जाने शेत कसे जाते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. दारू, कर्ज आणि पशुबळी यांच्याविरुद्ध त्यांनी पुढे जन्मभर कीर्तन केले. घर व परिसर यांचा परिणाम येथे इतका उघड आहे की त्याला नाकारणे अशक्य. परंतु तो परिणाम अनुकरणाचा नसून प्रत्युत्तराचा आहे. त्याच गावात, तेच कर्ज व तीच दारू पाहून, शेकडो मुले तेच जीवन जगली. देबूने १९०५ मध्ये घर सोडले. आणि त्यानंतर ज्यांना तो उत्तरदायी राहिला, ती माणसे त्याच्या घरातली नव्हती.

प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ मध्ये लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात सावकारीचा हा प्रसंग ठसठशीतपणे येतो. तो चरित्रकार स्वतः सामाजिक लढ्यातला. म्हणून त्याला त्या बालपणात शोषण दिसले. एखाद्या भाविक चरित्रकाराला तेथे पूर्वपुण्याई दिसली असती. यावरून एक सावधगिरी शिकावयाची : पहिल्या प्रकरणातील घर हे जितके नायकाचे, तितकेच चरित्रकाराचे असते. शेवट ठाऊक झाल्यावर आरंभाची निवड होते आणि निवडलेला आरंभ शेवटाचे कारण म्हणून उभा केला जातो.

तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांनी चरित्र वाचताना तीन प्रश्न विचारावेत. याच घरातील भावंडांचे काय झाले? याच परिसरातील समवयस्कांची मते कोणती होती? आणि घर व मत यांचा विरोध आला त्या दिवशी नायकाने काय केले? पहिल्या दोन प्रश्नांनी घराचे ओझे किती ते कळेल. तिसऱ्याने माणूस कळेल. वऱ्हाडात आजही उमेदवाराचे आडनाव ऐकून त्याचे मत सांगणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांचा अंदाज अनेकदा खराही ठरतो. परंतु तो खरा ठरतो त्या प्रत्येक वेळी कोणीतरी निर्णय करण्याचे टाळलेले असते, हे चरित्राच्या अभ्यासकाने विसरू नये.