नारायण धारपांचा अंधार

मराठी भयकथेचा विषय निघाला की पहिले नाव येते ते नारायण धारपांचे. जन्म १९२५, मृत्यू २००८, आणि मधल्या काळात शंभरावर पुस्तके. आपल्यापैकी ज्यांनी मुंबई, पुणे, ठाणे किंवा अलिबाग येथील सर्क्युलेटिंग लायब्ररीत वर्गणी भरली असेल, त्यांना धारपांच्या पुस्तकांची ती कळकट, पाने दुमडलेली प्रत नक्कीच आठवेल. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वडील मंडळी वाचत आणि धारप आम्ही पोरे वाचत असू, तेही बहुधा घरच्यांच्या नकळत. प्रतिष्ठित मासिकांनी या लेखकाची फारशी दखल घेतली नाही. वाचकांनी मात्र घेतली, आणि आजही घेत आहेत. साकेत प्रकाशनाने त्यांची जुनी पुस्तके नव्या रूपात आणली, म्हणून आज ती पुन्हा सहज मिळतात.

मी सध्या दोह्यातील अल सद्द भागात राहतो. येथे धारप वाचणे हा एक वेगळाच अनुभव आहे. खाली रस्त्यावर रात्रभर दिव्यांचा लखलखाट, घरात वातानुकूलन यंत्राची अखंड घरघर, जिना क्वचितच वापरात, कारण लिफ्ट आहे. विहीर नाही, पिंपळ नाही, माजघर नाही, वीज गेल्याचे तर कोणाला आठवतही नाही. धारपांची भीती जर केवळ वाडा, विहीर आणि कंदील यांवर उभी असती, तर ती या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच गळून पडली असती. तशी ती पडत नाही. का पडत नाही, हे शोधण्यासाठीच हा लेख.

पहिले कारण त्यांच्या भाषेत आहे. धारप अलंकार वापरीत नाहीत. त्यांचा निवेदक बहुधा साधा मध्यमवर्गीय माणूस, नोकरी करणारा, हिशेबी, भाड्याची जागा शोधणारा. तो काय पाहिले ते जबाब दिल्यासारखे सांगतो. आधी एखादी वस्तू जागेवरून हललेली, मग एखादा वास, मग खोलीतला अकारण गारठा. वाचक मनात प्रत्येक गोष्टीचा खुलासा करीत जातो आणि एका पानावर त्याचे खुलासे संपतात. हे काम हळूहळू चालते. एका बैठकीत दहा पाने वाचून पुस्तक मिटणाऱ्याला धारप कळणार नाहीत.

रत्नाकर मतकरींशी त्यांची तुलना नेहमी केली जाते, ती थोडक्यात उरकतो. मतकरींच्या गूढकथेत, उदाहरणार्थ ‘खेकडा’ या संग्रहात, भीती माणसाच्या मनातून निघते. धारपांची भीती बाहेरून येते. विश्वात माणसाच्या आधीपासूनच्या काही शक्ती आहेत, त्यांना आपल्याशी वैरही नाही आणि दयाही नाही, ही त्यांची कल्पना. तिच्यावर अमेरिकन लेखक लव्हक्राफ्टची छाया स्पष्ट दिसते. ‘गोग्रमचा चितार’, ‘नेनचिम’ यांसारख्या पुस्तकांत हीच कल्पनाशक्ती विज्ञानकथेकडे वळली आहे.

आता समर्थांविषयी. अप्पा जोशी हा त्यांचा सोबती आणि समर्थ हे संकटात धावून येणारे सिद्ध पुरुष. होम्स-वॉटसनची ही मराठी जोडी अतिशय लोकप्रिय झाली. माझे मत जरा निराळे आहे. समर्थ आले की भीती संपते, कारण ते हरणार नाहीत हे आपल्याला ठाऊक असते. मग उरते ती फक्त त्यांची रीत पाहण्याची मौज, रहस्यकथेतल्या गुप्तहेराची पाहावी तशी. म्हणूनच, दाराच्या चौकटीवर मेझुझा असलेल्या घरातला वाचकही समर्थांच्या मंत्रतंत्रात अडखळत नाही. तो अप्पांच्या शेजारी बसून तमाशा पाहतो. पण ज्या कथांत समर्थ नाहीत आणि दार आतून उघडणारा घरातलाच कोणी आहे, त्या कथांत धारप खरे मोठे वाटतात. उंबरठा ही त्यांची खरी जागा. (अरबीत ‘सद्द’ म्हणजे बांध, असे माझ्या शेजाऱ्याने मला सांगितले. हा शब्द धारपांना आवडला असता.)

येथवर सर्व ठीक. अडचण पुढे आहे आणि ती टाळता येणार नाही. ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’वर (१९७५) बेतलेली आहे. ‘शपथ’ ही त्यांच्याच ‘इट’वर (१९८६), आणि ‘आजी’ ही कथा त्यांच्या ‘ग्रामा’वर. दोह्यातच जन्मलेल्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या एका मुलाला मी मोठ्या उमेदीने धारप वाचायला दिले. चार दिवसांनी तो म्हणाला, “काका, हे तर स्टीफन किंगचं आहे.” इस्रायलमध्ये वाढलेली आपली मुलेही हेच म्हणतील. त्यांना काय उत्तर द्यावे?

“सगळेच उचलतात” हे उत्तर पुरेसे नाही. रूपांतर हा मराठीचा जुना धंदा आहे हे खरे. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला, हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्सच्या कादंबरीवरून सुचलेली, आणि पु. लं.ची ‘ती फुलराणी’ शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून. परंतु फुलराणी पाहायला जाणाऱ्या प्रेक्षकाला शॉचे नाव माहीत असे. धारपांच्या माझ्या हाती आलेल्या जुन्या प्रतींत मूळ लेखकाचा उल्लेख मला आढळला नाही. लेखकाने वा प्रकाशकाने एक ओळ छापली असती तर कोणाचे काय बिघडले असते? वाचकाचा विश्वास हाही एक उंबरठाच आहे. आता नव्या आवृत्त्यांत तरी ती ओळ असावी, असे मला आग्रहाने वाटते.

त्याचबरोबर त्या मुलाला मी दुसरीही गोष्ट सांगितली. रक्तपिपासू पिशाच्च क्रॉसला आणि पवित्र पाण्याला भिते. हे दोन्ही काढून घेतले तर ‘सालेम्स लॉट’मध्ये प्रतिकाराचे काय उरते? मराठी गावात ती जागा भरण्यासाठी लेखकाला गावाची श्रद्धा, नाती, कोण कोणाच्या घरी केव्हाही जाऊ शकतो, सारे नव्याने बसवावे लागते. अमेरिकन गावात माणसे दारे लावून राहतात. आपल्याकडे दिवसभर दार उघडे, आणि ‘या’ म्हटल्यावाचून पाहुणा परत जात नाही. आमंत्रणाशिवाय आत न येणारे पिशाच्च अशा गावात किती सहज शिरेल! येथे धारपांचे काम नकलाकाराचे राहत नाही.

‘आजी’चे पुढे जे झाले तेही सांगण्यासारखे आहे. किंग यांच्या कथेत एक मुलगा मरणासन्न आजीपाशी एकटा राहतो. धारपांची मराठी आजी राही अनिल बर्वे यांच्या मनात वर्षानुवर्षे राहिली. (‘थँक यू मिस्टर ग्लाड’चे लेखक अनिल बर्वे हे त्यांचे वडील.) त्यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट २०१८ साली व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक विभागात उघडला आणि २०२४ साली पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्यातला पाऊस, ओला वाडा, लोभ हे सर्व कोकणातले. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलेले. अमेरिकेतल्या मेन राज्यातली म्हातारी पुण्यामार्गे कोकणात आली आणि तेथलीच झाली. ज्यांच्या आडनावाला कोकणातल्या गावाचे ‘कर’ चिकटले आहे त्यांना तो पाऊस ओळखायला कोणाची मदत लागणार नाही.

धारपांचे दोष आणखीही आहेत. त्यांच्या स्त्रिया फार वेळा केवळ बळी असतात. शंभर पुस्तकांत पुनरुक्ती अटळ होती, ती भरपूर आहे. शेवट घाईने उरकलेले आहेत, जणू छापखान्याचा माणूस दारात उभा आहे.

तरीही मुलांच्या हाती काय द्यावे असे कोणी विचारले, तर मी म्हणेन, आधी ‘आजी’ आणि ‘ग्रामा’ दोन्ही द्या, शेजारी शेजारी. मराठी वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा. धारपांची वाक्ये छोटी आहेत, दम लागत नाही. त्या मुलाने पुढच्या आठवड्यात ‘लुचाई’ मागून नेली. अजून परत केलेली नाही.