'अंडरग्राउंड': एका शब्दाची जात

'अंडरग्राउंड' या इंग्रजी शब्दाला मराठीत 'भूमिगत' हा प्रतिशब्द रूढ आहे. तो उच्चारताच १९४२ चा लढा आणि सातारचे प्रतिसरकार आठवते. शब्दाला तेज आहे. पण वर्गात निग्रो साहित्य शिकवताना मला तो अपुरा पडतो. जमिनीखाली कोण गेले आणि का, हे तो सांगत नाही.

१८६३ साली लंडनमध्ये जमिनीखालून आगगाडी धावली. त्याआधीच अमेरिकेतील गुलामांच्या पलायनाच्या गुप्त वाटांना 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणत. तिथे ना भुयार होते, ना रूळ. होती ती माणसे, घरे आणि रात्र. हॅरिएट टबमन १८४९ मध्ये निसटल्या आणि इतरांना सोडवायला पुनःपुन्हा परतल्या. फ्रेडरिक डग्लस यांनी मात्र १८४५ च्या आत्मकथनात या वाटेचा गाजावाजा करणाऱ्या हितचिंतकांना खडसावले. कारण त्याने मालक सावध होतो. उपकारकर्त्याचे नाव होते, पळणाऱ्याची वाट बंद होते.

रिचर्ड राइट यांच्या 'द मॅन हू लिव्हड अंडरग्राउंड'चा काळा नायक निरपराध आहे. पोलीस मारहाण करून त्याच्याकडून खुनाची कबुली घेतात. तो निसटून गटारात शिरतो. शेवटी आपले सत्य दाखवायला तो त्याच पोलिसांना मॅनहोलपाशी आणतो आणि तिथेच गोळी खातो. १९४१-४२ मधली ही कादंबरी प्रकाशकाने नाकारली. ती संपूर्ण छापली गेली २०२१ मध्ये. पुस्तकालाही ऐंशी वर्षे जमिनीखालीच काढावी लागली!

प्रस्थापित समीक्षा या गटारात अस्तित्ववाद शोधते. तो असेलही. परंतु आपल्या वाचकाला गटार हे आधी गटार दिसते. राइट यांचा नायक तिथे लपायला उतरतो. आपला माणूस जातीने नेमून दिलेल्या कामासाठी, पोटासाठी उतरतो. २०१३ चा कायदा असूनही माणसे आत गुदमरून मरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये केली. पण या माणसाला कोणी 'भूमिगत' म्हणत नाही. त्याच्या खाली जाण्याला आपल्या भाषेने गौरवाचा शब्द दिलेला नाही.

दलित समीक्षेने यापुढे प्रत्येक 'अंडरग्राउंड'ला विचारले पाहिजे: खाली कोणाला पाठवले, आणि वरचे झाकण कोणाच्या हाती आहे?