‘व्हॅन डर ग्राफ जनरेटर’ची ध्वनिमुद्रिका-सूची : नाम आणि नामी

संगीतवृंदाच्या ध्वनिमुद्रिकांची सूची तयार करणे हे सामान्यतः कारकुनी स्वरूपाचे काम समजले जाते. मुद्रिकेवरील नाव पाहावे, प्रकाशनाचे वर्ष नोंदवावे आणि कालक्रमाने नोंदी लावाव्यात, एवढेच सूचिकाराचे कर्तव्य, अशी समजूत आहे. वस्तुतः सूची ही एक टीकात्मक प्रतिज्ञा असते. अमुक कृती अमुक कर्त्याची आहे आणि तमुक त्याची नाही, असे ती नोंदीगणिक सांगत असते. आणि समीक्षक पुढे मूल्यमापनाची जी इमारत उभारतो ती बहुधा या न तपासलेल्या विधानांच्या पायावर. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्यामुळे उद्भवलेला प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला परिचित आहे. नाममुद्रा हा कर्तृत्वाचा पुरावा असतो, परंतु तो निर्णायक नसतो, हा त्या प्रश्नाने दिलेला धडा. ध्वनिमुद्रित संगीताच्या क्षेत्रात तो कितपत लागू पडतो, हे पाहण्यास ‘व्हॅन डर ग्राफ जनरेटर’ या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक वृंदाची सूची विशेष सोयीची आहे.

या वृंदाची स्थापना १९६७ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात पीटर हॅमिल आणि ख्रिस जज स्मिथ या दोन विद्यार्थ्यांनी केली. उच्च दाबाची स्थितिक विद्युत निर्माण करणाऱ्या यंत्रावरून वृंदाचे नाव घेतले गेले. ते यंत्र रॉबर्ट व्हॅन डे ग्राफ या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाच्या नावाने ओळखले जाते. वृंदाच्या नावात मात्र ‘डे’च्या जागी ‘डर’ आले आणि रोमन लेखनातील अखेरच्या दोन ‘एफ’पैकी एक गळाला. ‘व्हॅन डे’ आणि ‘व्हॅन डर’ ही दोन्ही रूपे डच आडनावांत आढळतात, त्यामुळे ही चूक कानाला खटकत नाही. तिचा एक अनपेक्षित लाभही झाला. लेखनापुरते तरी ते नाव यंत्राचे राहिले नाही. ते केवळ या वृंदाचे झाले.

या नावाखाली, किंवा त्याच्या संक्षिप्त रूपाखाली, एकंदर १३ स्टुडिओ-मुद्रिका मोजल्या जातात. त्यांचे तीन कालखंड सहज पडतात. १९६९ ते १९७१ या पहिल्या खंडात ‘द एरोसोल ग्रे मशीन’, ‘द लीस्ट वी कॅन डू इज वेव्ह टु ईच अदर’, ‘एच टु ही, हू ॲम द ओन्ली वन’ आणि ‘पॉन हार्ट्स’ या चार मुद्रिका येतात. १९७२ मध्ये वृंद विसर्जित झाला. दुसऱ्या खंडात १९७५ ची ‘गॉडब्लफ’, १९७६ च्या ‘स्टिल लाइफ’ व ‘वर्ल्ड रेकॉर्ड’ आणि १९७७ ची ‘द क्वाएट झोन / द प्लेझर डोम’ यांचा समावेश होतो. १९७८ मध्ये वृंद पुन्हा थांबला तो सत्तावीस वर्षांसाठी. तिसरा खंड २००५ च्या ‘प्रेझेंट’पासून सुरू होतो, आणि त्यात ‘ट्रायसेक्टर’ (२००८), ‘अ ग्राउंडिंग इन नंबर्स’ (२०११), ‘आल्ट’ (२०१२) व ‘डू नॉट डिस्टर्ब’ (२०१६) या मुद्रिका मोडतात. सूची म्हणून ही मांडणी निर्दोष आहे. प्रश्न असा की, इतिहास म्हणून ती ग्राह्य आहे काय?

प्रारंभीच अडचण येते. ‘द एरोसोल ग्रे मशीन’ ही हॅमिलची व्यक्तिगत मुद्रिका म्हणून ध्वनिमुद्रित झाली होती. हॅमिल मर्क्युरी या कंपनीशी कराराने बांधला गेलेला होता. वृंदाच्या नावाने पॉलिडॉर कंपनीने काढलेली ‘पीपल यू वेअर गोइंग टु’ ही पहिली छोटी मुद्रिका याच करारापायी मागे घ्यावी लागली होती. पुढे, करारातून मुक्तता मिळावी या बोलीवर नव्या मुद्रिकेला वृंदाचे नाव देण्यात आले आणि १९६९ मध्ये ती प्रथम केवळ अमेरिकेत प्रसिद्ध झाली. म्हणजे सूचीतील पहिलीच नाममुद्रा कर्तृत्वाची साक्ष देत नाही. ती एका व्यवहाराची पावती आहे.

याच्या उलट बाजूची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. १९७२ ते १९७५ हा काळ सूचीत कोरा दिसतो. परंतु हॅमिलच्या नावावरील ‘कॅमेलियन इन द शॅडो ऑफ द नाइट’ (१९७३) या मुद्रिकेतील ‘ब्लॅक रूम / द टॉवर’ ही दीर्घ रचना आणि ‘द सायलेंट कॉर्नर अँड द एम्प्टी स्टेज’ (१९७४) मधील ‘अ लाउस इज नॉट अ होम’ ही त्याहून दीर्घ रचना, या दोन्ही विसर्जनापूर्वी वृंदाने श्रोत्यांसमोर सादर केल्या होत्या. मुद्रिकांवरही त्या वाजवणारे हात तेच आहेत : ऑर्गनवर ह्यू बँटन, सॅक्सोफोनवर डेव्हिड जॅक्सन, ड्रमवर गाय एव्हान्स. याच सुमारास या तिघांनी, जुना सहकारी निक पॉटर याच्या साहचर्याने, ‘द लाँग हॅलो’ (१९७४) ही हॅमिलविरहित वाद्यसंगीताची मुद्रिकाही केली. पुढे १९८२ मध्ये ‘टाइम व्हॉल्ट्स’ या कॅसेटच्या रूपाने मधल्या वर्षांतील तालमींची व अप्रकाशित ध्वनिमुद्रणे उजेडात आली. नाव निजले होते. नामी जागा होता.

यावरून कोणी असे सुचवील की, नावाची कसोटी टाकून वादकांची कसोटी स्वीकारावी. चौघे जेथे एकत्र आहेत तेथे वृंद आहे असे मानावे. ही कसोटीही टिकत नाही. हॅमिलची ‘फूल्स मेट’ (१९७१) ही मुद्रिका ‘पॉन हार्ट्स’च्याच वर्षातील असून तीत बँटन, जॅक्सन, एव्हान्स हे सर्व उपस्थित आहेत. तथापि तिच्यातील गीते आखूड, बहुतांशी वृंदाच्या आरंभकाळी रचलेली आणि इतर वृंदांतील पाहुण्या वादकांच्या मदतीने सहज गायिलेली अशी आहेत. ‘नेदिर्स बिग चान्स’ (१९७५) मध्येही चौघे आहेत. किंबहुना मागे घेतल्या गेलेल्या त्या पहिल्या मुद्रिकेतील ‘पीपल यू वेअर गोइंग टु’ हे गीतच येथे नव्याने ध्वनिमुद्रित झाले आहे. एकच गीत एकदा वृंदाच्या नावावर आणि एकदा व्यक्तीच्या नावावर, हा योगायोग सूचिकाराला विचारात पाडणारा आहे. परंतु ही मुद्रिका हॅमिलने रिकी नेदिर या कल्पित तरुण गायकाची भूमिका घेऊन, मुद्दाम ओबडधोबड आणि थेट गीतांसाठी योजली होती. पंक संगीताच्या उदयकाळी, १९७७ मध्ये, जॉन लायडनने लंडनच्या नभोवाणीवरील एका कार्यक्रमात तिच्यातील गीते आवर्जून ऐकवली, यावरून तिचा पिंड कसा निराळा होता याची कल्पना यावी. वादक तेच असूनही या दोन मुद्रिकांना वृंदाची कृती म्हणता येत नाही.

तेव्हा तिसरी कसोटी शोधणे प्राप्त आहे, आणि ती रचनाव्यवहारातच सापडते. या वृंदाचे वैशिष्ट्य वाद्यांच्या एका विलक्षण अभावातून घडले. १९७० मध्ये ‘एच टु ही’चे ध्वनिमुद्रण चालू असताना बास गिटार वाजवणारा पॉटर निघून गेला आणि त्याच्या जागी कोणी घेण्यात आले नाही. रंगमंचावर खर्जाची जबाबदारी बँटनने ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर पेलली. रॉक संगीतात जी जागा प्रमुख गिटारीची, ती जॅक्सनच्या सॅक्सोफोनने घेतली. एकाच वेळी दोन सॅक्सोफोन तोंडाला लावून, त्यांचा नाद विद्युत उपकरणांतून पालटून, तो गिटारीची उणीव भासू देत नसे. रॉबर्ट फ्रिपची गिटार ‘एच टु ही’ व ‘पॉन हार्ट्स’मध्ये ऐकू येते ती पाहुण्याची म्हणून. एव्हान्सचा ड्रम केवळ लय धरीत नाही. तो गायकाच्या वाक्यरचनेला विरामचिन्हे पुरवतो. हॅमिलचा आवाज कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत जाताना लयीचे माप पुष्कळदा ओलांडतो, आणि शब्दांच्या आघातांना अनुसरून तिघांना आपली वाट बदलावी लागते. एकाने आणलेले गीत चौघांच्या हाती असे मोडले-जोडले जाते तेव्हाच ते या वृंदाचे होते. ‘फूल्स मेट’मध्ये गीत साथीने सजते, ‘अ लाउस इज नॉट अ होम’मध्ये ते साथीशी झगडते.

ही कसोटी लावली म्हणजे विकासाचा क्रम वेगळा दिसू लागतो. रूढ मत असे की, ‘पॉन हार्ट्स’ ही अतिरेकाची परिसीमा. नंतर तीन वर्षांचा खंड. आणि मग ‘गॉडब्लफ’मध्ये संयमाकडे झालेले परिवर्तन. ‘पॉन हार्ट्स’ची दुसरी बाजू व्यापणारी ‘अ प्लेग ऑफ लाइटहाउस कीपर्स’ ही सुमारे २३ मिनिटांची रचना दहा भागांची असून ते भाग स्टुडिओत स्वतंत्रपणे सिद्ध करून सांधलेले आहेत. समुद्रातील मृत्यू पाहत राहिलेल्या एकाकी दीपगृह-रक्षकाच्या मनाची ती चित्रमालिका आहे. तिचे सौंदर्य सांध्यांत आहे, आणि तिची मर्यादाही सांध्यांतच. १९७२ मध्ये बेल्जियन दूरचित्रवाणीसाठी ती वाजवली गेली तेव्हाही दोन तुकड्यांत वाजवावी लागली. याउलट ‘गॉडब्लफ’मध्ये अवघ्या चार रचना आहेत, प्रत्येकी सात ते साडेदहा मिनिटांच्या, आणि त्या चौघांना सलग वाजवता येतील अशा बांधणीच्या.

या दोन टोकांमध्ये सूचीने कोरी ठेवलेली जागा ‘ब्लॅक रूम’ आणि ‘लाउस’ या रचनांनी भरून निघते. ‘लाउस’ची लांबी बारा मिनिटांहून अधिक आहे, परंतु तिची वळणे स्टुडिओतील कात्रीने पडलेली नाहीत, ती श्रोत्यांसमोर वाजवून पडलेली आहेत. आशयाच्या दृष्टीनेही ती मधला दुवा ठरते. दीपगृहाचा रक्षक ‘मी’ म्हणून बोलतो तेव्हा त्याला अपराधाची शंका असते, पण बोलणारा आपणच याविषयी नसते. ‘लाउस’मध्ये घर आणि घरात राहणारा यांच्यातील संशय वाढत जाऊन प्रथमपुरुषी सर्वनामच डळमळते. ‘गॉडब्लफ’च्या आरंभी, ‘द अंडरकव्हर मॅन’मध्ये, वक्ता ज्याला ‘तू’ म्हणतो तो त्याच्याच अंतरंगातील सोबती आहे, असे मानण्यास पुरेसा आधार आहे. ‘मी’चा असा क्रमाने झालेला दुभंग एका रात्रीत झालेले परिवर्तन असू शकत नाही. खंड सूचीत होता. रचनेत तो नव्हता.

सूचीची अन्य काही स्थळेही याच दृष्टीने तपासण्यासारखी आहेत. ‘पॉन हार्ट्स’च्या अमेरिकी आवृत्तीत जॉर्ज मार्टिनची ‘थीम वन’ ही वाद्यरचना पहिल्या बाजूवर घातलेली आहे. इंग्लिश आवृत्तीत ती नाही. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला पाठभेद व प्रक्षेप म्हणून परिचित असलेलाच हा प्रकार होय. १९७७ मध्ये तर वृंदाने आपले नावच ‘व्हॅन डर ग्राफ’ असे तोडून घेतले. बँटन गेला होता, जॅक्सनचाही निरोप होत होता, पॉटर परतला होता आणि ग्रॅहॅम स्मिथचे व्हायोलिन आले होते. ऑर्गन गेला आणि नावातून ‘जनरेटर’ही गेला. सूचिकार या मुद्रिकेची नोंद निःशंकपणे पूर्ण नावाखाली करतात. परंतु रचनाव्यवहार पालटल्याची कबुली वृंदाने स्वतः नाममुद्रेतच दिलेली आहे, आणि ती पुसून टाकण्याचा अधिकार सूचिकाराला नाही.

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. नाव आणि वादक या दोन्ही कसोट्या दूर सारल्या, तर वृंदाची कृती कोणती हे ठरवणे टीकाकाराच्या लहरीवर सोपवल्यासारखे होणार नाही काय? आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर वृंदाच्याच उत्तरकाळात मिळते. ६ मे २००५ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये चौघे पुन्हा एकत्र आले. त्यानंतर जॅक्सन वेगळा झाला आणि उरलेल्या तिघांनी काम चालू ठेवले. या तिघांनी २०१३ च्या दौऱ्यात ‘प्लेग ऑफ लाइटहाउस कीपर्स’ रंगमंचावर सलग सादर केली, आणि तिच्या जोडीला ‘फ्लाइट’ ही दीर्घ रचना घेतली. ‘फ्लाइट’ ही मूळची हॅमिलच्या ‘अ ब्लॅक बॉक्स’ (१९८०) या व्यक्तिगत मुद्रिकेतील. २०१५ मध्ये ‘मर्लिन ॲटमॉस’ या मुद्रिकेवर या दोन्ही रचना वृंदाच्या नावाखाली शेजारी शेजारी आल्या. एके काळी व्यक्तीची असलेली रचना तिघांच्या हाती नव्याने घडली आणि वृंदाची झाली. रचनाव्यवहाराची कसोटी टीकाकाराने बाहेरून लादलेली नाही. कलावंतांनी ती आचरणात आणलेली आहे.

यातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, पण त्याला न्यायाची बाजू आहे. १३ मुद्रिकांची सूची रद्द करण्याचे कारण नाही. ग्रंथालयाला आणि संग्राहकाला तीच उपयोगी. परंतु ‘लाउस’सारख्या रचनेचे श्रेय केवळ हॅमिलच्या खाती मांडले की बँटन, जॅक्सन आणि एव्हान्स यांचे तीन वर्षांचे कर्तृत्व साथीदारीच्या सदरात जाते, आणि नंतरच्या ‘गॉडब्लफ’चा संयम अकारण चमत्कार वाटू लागतो. समीक्षकाने सूची हाती घ्यावी ती तपासून. नाव मुद्रिकेच्या वेष्टनावर वाचता येते; नामी कोण, हे आतले संगीत ऐकल्यावाचून कळत नाही.